कूट शब्दकोडे : सोडवावे कसे, पारखावे कसे

मराठी दैनिकाच्या शब्दकोड्यात ‘पाणी’ एवढेच सूत्र असते आणि पुढे दोन घरे. जल, जळ, नीर, तोय, आप यांपैकी काहीही त्या घरांत बसते. नक्की कोणते, हे उभा शब्द आल्याशिवाय ठरत नाही. उभ्या शब्दाचे सूत्रही ‘वारा’ किंवा ‘डोळा’ असे एका शब्दाचे असले, तर सोडवणारा अंदाजावर अंदाज रचत जातो, दुसऱ्या दिवशी छापील उत्तर पाहतो आणि अंक रद्दीत टाकतो. आता दोनच घरांचे दुसरे सूत्र पाहा : ‘उलटी फिरली की गरीब, सरळ वाहिली की बरकत (२)’. पहिल्या वाचनाला हे ‘पाणी’पेक्षा कितीतरी अवघड वाटेल. पण ‘नदी’ हे उत्तर सुचले की तिथल्या तिथे पडताळा घेता येतो. ‘नदी’ उलट वाचली की ‘दीन’, म्हणजे गरीब. आणि सरळ वाहून बरकत देणारी ती नदीच. उभ्या शब्दाची वाट पाहायला नको, उद्याच्या अंकाचीही नको. या लेखाचे म्हणणे एवढेच आहे की कूट सूत्र दिसायला वाकडे असले तरी वागायला साध्या सूत्रापेक्षा सरळ असते, कारण ते उत्तराबरोबर उत्तराचा पुरावाही देते. तेव्हा कूट कोडे सोडवायचे म्हणजे तो पुरावा हुडकायचा, आणि त्याचे परीक्षण करायचे म्हणजे तो पुरावा टिकतो का हे तपासायचे. ही एक गोष्ट पक्की धरली तर बाकीच्या युक्त्या आपोआप अंगवळणी पडतात.

नशीब कुठे संपते, कौशल्य कुठे सुरू होते

पुराव्याचा हा आग्रह चार हौशी माणसांचा चोखंदळपणा आहे असे कुणी म्हणेल. पण हाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयासमोर येऊन गेलेला आहे, आणि तो गेला तो जुन्या मुंबई राज्यातून, ज्यात नगर जिल्हाही होता. स्वातंत्र्याच्या आगेमागे प्रवेश फी घेऊन रोख बक्षिसे देणाऱ्या शब्दकोड्यांचा धंदा जोरात होता. बंगळूरहून निघणाऱ्या ‘स्पोर्टिंग स्टार’ या साप्ताहिकातून चालणारी आर. एम. डी. चमारबागवाला यांची कोडी मुंबई राज्यातही मोठ्या प्रमाणावर भरली जात. अशा स्पर्धांवर नियंत्रण आणि कर बसवणारा राज्याचा कायदा १९४८ चा होता; राज्याबाहेर छापल्या जाणाऱ्या पत्रांनाही तो लागू व्हावा म्हणून १९५२ साली त्यात दुरुस्ती झाली आणि वाद न्यायालयात गेला. ९ एप्रिल १९५७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्याच्या बाजूने निकाल दिला : ही स्पर्धा जुगाराच्या स्वरूपाची आहे. कारण उघड होते. आयोजकांनी उत्तरे आधीच ठरवून बंद करून ठेवलेली असत, आणि ज्याचे शब्द त्या ठरीव शब्दांशी जुळतील त्याला बक्षीस मिळे. एका जागी दोन-तीन शब्द सारखेच शोभत असतील, तर अधिक विचार करून निवडलेल्या शब्दाला वेगळी किंमत नव्हती. आयोजकाच्या मनातला शब्द कोणता, यावर सगळे अवलंबून होते. त्याच दिवशीच्या दुसऱ्या निकालात न्यायालयाने केंद्राचा १९५५ चा बक्षीस स्पर्धा कायदा वैध ठरवला आणि तो नशिबावर चालणाऱ्या स्पर्धांनाच लागू आहे, कौशल्यावर चालणाऱ्यांना नाही, असा अर्थ लावला.

या निकालात कोडे पारखण्याची कसोटी आयती मिळते. सोडवणाऱ्याने पुरेसा विचार केला, तर कोडेकर्त्याच्या मनात न डोकावता तो उत्तरापर्यंत पोचू शकतो का? पोचत असेल तर ते कौशल्य, नसेल तर मटका. त्यात पैसे गुंतलेले असोत वा नसोत. इंग्रजी कोड्यांचा इतिहासही याच वळणाने गेला. आर्थर विन यांनी २१ डिसेंबर १९१३ रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’मध्ये पहिले शब्दकोडे छापले, ते साध्या अर्थसूत्रांचे होते. ब्रिटिश वृत्तपत्रांनी ते उचलले आणि १९२६ पासून ‘ऑब्झर्व्हर’मध्ये ‘टॉर्कमादा’ या टोपणनावाने येणाऱ्या कोडेकर्त्याने सूत्रांना कूट वळण दिले. सुरुवातीला त्यात मनमानी फार होती. त्याच्या जागी आलेल्या ‘झिमिनिस’ने मग शिस्त आणली आणि १९६६ साली त्यावर पुस्तकच लिहिले. त्या शिस्तीचा गाभा असा : सूत्राच्या एका टोकाला उत्तराचा नेमका अर्थ असावा, उरलेल्या भागात त्याच उत्तराची बांधणी असावी, आणि या दोहोंशिवाय भरतीचा एकही शब्द नसावा. कोडेकर्त्याने चकवावे, पण सूत्राच्या शब्दांबाहेर जाऊ नये. ‘द हिंदू’सारख्या इंग्रजी दैनिकांतली कूट कोडी आज साधारण याच शिस्तीने चालतात.

सूत्र उघडण्याची रीत

सोडवायला बसताना पहिली सवय लावायची ती सूत्राचा वरवरचा अर्थ विसरण्याची. ‘गुरुजींची गाडी हेच शासन (४)’ हे वाक्य वाचून शिक्षणखात्याचा विचार करू नका. दोन टोके पाहा. ‘शासन’ हे टोक उत्तराचा अर्थ असू शकते. मग उरलेल्या शब्दांतून चार अक्षरांचा शासन या अर्थाचा शब्द बांधता येतो का? गुरुजी म्हणजे ‘सर’, गाडी म्हणजे ‘कार’, झाले ‘सरकार’. अर्थ पहिल्या टोकाला असेल की शेवटच्या, हे आधी कळत नाही, म्हणून दोन्ही टोके धरून पाहायची. मधल्या शब्दांचा अर्थ घेऊन सुरुवात केलीत तर वाट चुकलीच समजा.

दुसरी सवय खुणेचे शब्द ओळखण्याची. ‘उलट’, ‘माघारी’, ‘परतले’ असे काही दिसले की शब्द मागून पुढे वाचायचा असतो. ‘विस्कटले’, ‘घोळ’, ‘मोडतोड’ असे शब्द अक्षरांची अदलाबदल सुचवतात. ‘पोटात’, ‘आत’, ‘दडले’ म्हणजे एकात दुसरे काही लपले आहे. ‘टोक गेले’, ‘बिनबुडाचे’, ‘शेपूट तुटले’ म्हणजे पहिले किंवा शेवटचे अक्षर गळाले. ‘कानाला’, ‘ऐकायला’ म्हणजे उच्चार जुळतो. ‘विमानाचे टोक गेले, उरला आदर (२)’ यात ‘विमान’मधला ‘वि’ गेला की ‘मान’ उरतो. ‘एक पाट सरकवला की आत दिसते फडताळ (३)’ यात उत्तर डोळ्यांसमोर छापलेले आहे : ‘एक पाट’ या दोन शब्दांच्या सांध्यावर ‘कपाट’ आहे. असे दडलेले उत्तर असणारी सूत्रे नवशिक्याने आधी शोधावीत. त्यात आठवणीवर भार नसतो, आणि पहिली दोन-तीन उत्तरे खात्रीची मिळाली की त्यांची अक्षरे पुढच्यांना उपयोगी पडतात. ज्या सूत्रात खूण मुळीच दिसत नाही तिथे दोन अर्थांचा एक शब्द आहे का ते पाहावे. ‘बसायला लागतो, शिवार भिजवायलाही (२)’ याचे उत्तर प्रवरेच्या कालव्यावरच्या माणसाला सांगायला नको. ‘पाट’ जेवायला बसण्याचा, आणि पाट पाण्याचा.

तिसरी सवय सर्वांत महत्त्वाची, आणि तिचाच आळस सर्वांत जास्त होतो. उत्तर सुचल्यावर लगेच लिहू नका. त्याची जुळणी एका ओळीत मांडून पाहा. समजा सूत्र आहे : ‘ज्ञानेश्वरी सांगितली ते गाव : घेऊन जा छपराखालची लाकडे (३)’. नगर जिल्ह्यातला कुणीही अर्ध्या वाचनातच गाव ओळखेल. पण लिहायचे काय, ‘नेवासा’ की ‘नेवासे’? पाट्यांवर आणि कागदोपत्री दोन्ही रूपे दिसतात, आणि ‘ज्ञानेश्वरीचे गाव’ असे साधे सूत्र असते तर शेवटचे घर रिकामे ठेवून उभ्या शब्दाकडे पाहावे लागले असते. इथे जुळणी निकाल देते. घेऊन जा म्हणजे ‘ने’. छपराखालची लाकडे, अनेकवचनी, म्हणजे ‘वासे’. उत्तर ‘नेवासे’च. कोडेकर्त्याने ‘लाकडे’ऐवजी ‘लाकूड’ लिहिले असते तर एकच वासा झाला असता आणि उत्तर ‘नेवासा’ झाले असते. ज्याने गाव ओळखून घाईने लिहिले, त्याचे उत्तर नशिबाने बरोबर येईल. ज्याने वासे मोजले, त्याचे येणारच. न्यायालयाने ज्या फरकावर बोट ठेवले तो तीन घरांत असा दिसतो.

देवनागरीतले कूट

इथे एक वजनदार आक्षेप येतो. कूट कोडे हे रोमन लिपीचे अपत्य आहे. तिथे सुटी अक्षरे असतात, ती हवी तशी फिरवता येतात. देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी आणि जोडाक्षर अक्षराला चिकटलेले असते, मग अदलाबदल करायची कशी? आक्षेपात तथ्य आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष चुकीचा आहे. मराठी कोड्यात एक घर म्हणजे मात्रेसकट एक पूर्ण अक्षर. ‘कर्जत’ तीन घरांचा, कारण ‘र्ज’ एका घरात मावतो. ‘अहमदनगर’ला सात घरे लागत; २०२४ साली नाव ‘अहिल्यानगर’ झाले, त्याला सहाच पुरतात. या हिशेबाने अदलाबदलीचे शब्द कमी मिळतात हे खरे. पण जे मिळतात ते चोख असतात. ‘विकता विस्कटली यमकबद्ध रचना (३)’ यात ‘विकता’ची तीन अक्षरे जागा बदलून ‘कविता’ होतात, एकही मात्रा हलवावी लागत नाही. उलट वाचनाची, जोडणीची आणि दोन अर्थांची सूत्रे तर मराठीत रग्गड बांधता येतात, कारण आपले शब्द आखूड आणि अनेकार्थी आहेत. वाल्या कोळ्याने ‘मरा मरा’ म्हणता म्हणता ‘राम राम’ म्हटले, ही गोष्ट सांगणाऱ्या समाजाला उलट वाचनाची खूण वेगळी शिकवायची गरज नाही.

लिपीमुळे सोडवणाऱ्याचा एक फायदाही होतो. इंग्रजी कोड्यात मिळालेले एक अक्षर सव्वीसांतले एक असते. मराठीत मिळालेले ‘णी’ किंवा ‘त्र’ हे शेकडो शक्यतांतले एक असते. तेवढ्या एका अक्षराने उत्तराची यादी झपाट्याने आखडते. म्हणून मराठी कूट कोडे सोडवताना आडव्या-उभ्याच्या छेदांना जास्त वजन द्यावे, आणि जोडाक्षर किंवा दुर्मिळ अक्षर मिळाले की त्या शब्दाकडे आधी वळावे.

कोडेकर्त्याला मात्र लिपी सवलत देत नाही, आणि परीक्षकाने इथेच डोळ्यांत तेल घालून बघायचे असते. ‘कवी हारला, त्यात दडला फेरफटका (३)’ हे सूत्र ऐकायला झकास आहे. उत्तर ‘विहार’ अपेक्षित आहे. पण ‘कवी हारला’मधून सलग अक्षरे काढली तर ‘वीहार’ मिळतो, कारण १९६२ आणि १९७२ साली ठरलेल्या मराठी शुद्धलेखनाच्या नियमांप्रमाणे शब्दाच्या शेवटची वेलांटी दीर्घ लिहायची असते. ‘आणि’ व ‘नि’ असे मोजके अपवाद आहेत. म्हणजे ऱ्हस्व वेलांटी दोन शब्दांच्या सांध्यावर दडवायची असेल तर कोडेकर्त्याला या अपवादांचाच आधार घ्यावा लागतो : ‘फुले नि वास यांतच राहण्याची जागा (३)’ यातून ‘निवास’ बिनचूक निघतो. ‘विहार’साठी वाट बदलावी लागेल : ‘विजयाच्या आरंभालाच पराभव, मग फेरफटका (३)’. ‘विजय’चे पहिले अक्षर ‘वि’, पराभव म्हणजे ‘हार’. काही जण म्हणतील, ऱ्हस्व-दीर्घाचा एवढा बाऊ कशाला, कोड्यात चालवून घ्यावे. चालवून घ्यायला हरकत नाही. पण ती सवलत कोड्याच्या डोक्यावर आधी छापलेली असावी आणि सगळ्या सूत्रांना सारखी लागू असावी. एका सूत्रात वेलांटी मोजायची आणि दुसऱ्यात सोडून द्यायची, हा पुन्हा आयोजकाच्या मनातला शब्द ओळखण्याचा खेळ झाला.

परीक्षण म्हणजे शेरेबाजी नव्हे

कोडे सोडवून झाल्यावर त्यावर लिहिणे, निदान वहीत चार ओळी टिपणे, ही सवय सोडवण्याइतकीच उपयोगाची आहे. परीक्षणाची पहिली पायरी म्हणजे प्रत्येक उत्तरापुढे जुळणीची एक ओळ. ‘नदी उलटी वळली, सखा भेटला, तरवडीचे साप्ताहिक निघाले (४)’ या सूत्रापुढे लिहायचे : ‘नदी’ उलट = दीन, सखा = मित्र; ‘दीनमित्र’, मुकुंदराव पाटलांनी नेवासे तालुक्यातल्या तरवडीहून चालवलेले पत्र. अशी ओळ लिहिताना अडलात की दोन शक्यता उरतात. एक तर उत्तर चुकले आहे, किंवा सूत्रात खोट आहे. दोन्हींचा छडा लावल्याशिवाय पुढे जाऊ नये. त्या उदाहरणात ‘निघाले’ हा शब्द कशासाठी आहे, असाही प्रश्न कडक परीक्षक विचारील. तो जुळणीचा भाग नाही आणि अर्थाचाही नाही, वाक्य सजावे म्हणून आलेला आहे. तो काढला तर सूत्र अधिक स्वच्छ होते. असा आक्षेप दुरुस्तीसकट घेतला की त्याला वजन येते.

दुसरी पायरी अर्थाचा भाग तपासण्याची. ‘कविता’साठी ‘यमकबद्ध रचना’ हा अर्थ चालेल का? मुक्तछंदाच्या काळात कविता यमकाला बांधलेली नाही, तेव्हा अर्थ थोडा अरुंद आहे. पण नुसते ‘रचना’ म्हटले असते तर तो फारच ऐसपैस झाला असता. परीक्षकाने अशा ठिकाणी दोन्ही बाजू मांडून मत द्यावे. व्याकरणाचा सांधाही पाहावा. मराठीत नामाला विभक्ती लागताच त्याचे रूप बदलते. ‘ज्ञानेश्वरीच्या गावी’ असा अर्थ दिला तर उत्तर ‘नेवाशाला’ हवे, ‘नेवासे’ नव्हे. इंग्रजीवरून सूत्रे बेतणाऱ्यांची सर्वांत जास्त घसरगुंडी इथेच होते.

तिसरी पायरी खुणेची. ‘गरीब म्हणे दिवस (२)’ या सूत्रात ‘दीन’ आणि ‘दिन’ यांच्या सारख्या उच्चारावर खेळ आहे. पण ‘म्हणे’ ही खूण बरोबर मध्ये उभी आहे. तिने ‘गरीब’कडे पाहिले तर उत्तर ‘दिन’, ‘दिवस’कडे पाहिले तर ‘दीन’. दोन्ही सारखेच बरोबर, म्हणजे सूत्र सदोष. ‘कानाला गरीब वाटणारा दिवस (२)’ असे केले की खूण एका बाजूला बांधली जाते आणि ‘दिन’ हे एकच उत्तर उरते. परीक्षण वाचणाऱ्याला यातून जे शिकायला मिळते ते ‘सूत्र क्रमांक ७ पटले नाही’ या शेऱ्यातून मिळत नाही.

शेवटची पायरी स्वतःला तपासण्याची. ‘मला सुटले नाही’ आणि ‘सुटण्यासारखे नव्हते’ ही दोन वेगळी विधाने आहेत. उत्तर कळल्यावर जुळणी पूर्ण लागत असेल, तर सूत्र कठीण होते पण रास्त होते, असे लिहावे. कठीणपणा हा गुणही नाही आणि दोषही नाही. उत्तरच अनवट असेल तर कोश उघडावा : दाते-कर्व्यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’, किंवा जुन्या शब्दांसाठी मोल्सवर्थ, ज्याची दुसरी आवृत्ती १८५७ ची आहे. कोशात असलेला पण बोलण्यातून गेलेला शब्द उत्तर म्हणून आला, तर त्याची जुळणी अधिक सोपी असायला हवी, हा न्याय कोडेकर्त्याकडून मागावा. आणि बक्षिसाच्या कोड्याचे परीक्षण मुदत उलटेपर्यंत कुणाला दाखवू नये.

उरलेले आक्षेप

‘हे सगळे इंग्रजी शिकलेल्यांचे खूळ आहे’ हा आक्षेप नेहमी ऐकू येतो. चौकट बाहेरून आली, हे कबूल. पण शब्दात शब्द लपवण्याची हौस इथलीच आहे. दंडीने ‘काव्यादर्शा’त प्रहेलिकांचे सोळा प्रकार सांगितले. बारामतीच्या मोरोपंतांनी ओठ न जुळवता म्हणता येईल असे ‘निरोष्ठ रामायण’ रचले. ज्ञानेश्वर-एकनाथांच्या नावावर कूट रचना आहेत, आणि घरोघरी आजीने घातलेली कोडी आहेत. फरक एवढाच की त्या कोड्यांत उत्तर बहुधा ऐकून माहीत असावे लागते. चौकटीतल्या कूट सूत्रात ते न ऐकताही काढता येते. त्या अर्थाने कूट कोडे अधिक लोकशाही आहे. त्यासाठी पाठांतर लागत नाही, सामान्यज्ञानाची पुस्तके लागत नाहीत, बोलती मराठी पुरते.

दुसरा आक्षेप आजचा आहे. मोबाइलवर सूत्र टाकले की उत्तर मिळते, मग डोके कशाला शिणवायचे? उत्तर मिळते, पण पटले का हे ठरवायचे काम तरीही तुमच्याकडेच राहते. यंत्राने ठोकून दिलेले उत्तर चुकीचे असेल तर जुळणीची ओळ लिहिताना ते उघडे पडते. उलट पुराव्याची सवय नसलेल्याला ते कळतही नाही. ज्याला नुसती घरे भरायची आहेत त्याने खुशाल मोबाइल वापरावा. त्यासाठी उद्याचा अंकही पुरेसा आहे. कोड्याने विस्मरण टळते, बुद्धी तल्लख राहते अशी जाहिरातही मी करणार नाही. कोडी सोडवल्याने स्मृतिभ्रंश टळतो असे ठामपणे सांगण्याइतका पुरावा नाही, आणि पुराव्याची वकिली करणाऱ्या लेखात तसा दावा शोभणार नाही. कोडे सोडवण्याचा खात्रीचा लाभ एकच : वाक्य जसे लिहिले आहे तसे वाचण्याची सवय. सातबारा, करारनामा किंवा सरकारी परिपत्रक वाचताना ती कामाला येते.

तिसरा आक्षेप रसिकांचा. सूत्राची चिरफाड केली की मजा जाते. हे विनोदाबाबत खरे असेल. कूट सूत्राबाबत नाही. इथे मजाच जुळणी उमगण्यात आहे. ती न कळता नुसते ‘सरकार’ हे उत्तर वाचून कुणाला हसू आलेले नाही.

सुरुवात कुठून करावी

मराठी दैनिकांतली बहुतेक कोडी आजही समानार्थी शब्दांची आहेत, म्हणून मराठी कूट कोड्याची वाट पाहत बसण्यापेक्षा ते बांधायला शिकणे बरे. सोडवणारा स्वतः सूत्र बांधू लागला की दुसऱ्याचे सूत्र चटकन ओळखतो. सरावासाठी नगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्याचे चौदा तालुके घ्या : अकोले, संगमनेर, कोपरगाव, राहाता, श्रीरामपूर, राहुरी, नेवासे, शेवगाव, पाथर्डी, जामखेड, कर्जत, श्रीगोंदे, पारनेर आणि नगर. काही लगेच फुटतात. ‘शेव’ आणि ‘गाव’, ‘जाम’ आणि ‘खेड’, ‘संगम’ आणि ‘नेर’. ‘गराआधी नकार देणारे शहर (३)’ यात ‘न’ आणि ‘गर’ मिळून ‘नगर’ होते. अकोले आणि पाथर्डी यांना फोडणे अवघड आहे. तिथे आधी वेळ घालवू नये. वाचनालयात किंवा महाविद्यालयाच्या मराठी मंडळात चौघे जमले तर प्रत्येकाने दोन सूत्रे आणावीत आणि बाकीच्यांनी ती तपासावीत. सूत्राला दुसरे उत्तर बसवून दाखवले की ते बाद, मग कोडेकर्त्याच्या मनात काहीही असो. शाळेतल्या मुलांना दडलेल्या शब्दांची सूत्रे द्यावीत. ऱ्हस्व-दीर्घ मुखोद्गत करून घेण्यापेक्षा ‘कवी हारला’ची चूक शोधायला लावली तर नियम पक्का बसतो. दैनिकांच्या रविवार पुरवण्यांना वाचकांनी पत्रे लिहून आठवड्याला निदान एक कूट कोडे मागावे आणि उत्तराबरोबर जुळणीही छापा म्हणून आग्रह धरावा.

तोवर आपल्यापुरता एक नियम पाळा. जे उत्तर एका ओळीत सिद्ध करता येईल तेच शाईने लिहा. बाकीची घरे पेन्सिलीने भरा, किंवा रिकामी ठेवा.